शून्यावर बसवलेला काटा

शुक्र. २३ मार्च १९९०

सुनंदा गेली त्याला आज सहा आठवडे.

सकाळी अबू खालिद दारात उभा. कंपनीच्या ट्रान्स्पोर्ट विभागातला, सतरा वर्षांची ओळख. सु.ला नाशिकला न्यायचे सगळे कागद त्यानंच दोन दिवसांत फिरून केले होते, म्हणून नाही म्हणता आलं नाही. कुवेत शहराबाहेर राई भागातल्या त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला.

शेडमध्ये १९३४ ची अमेरिकन गाडी. दोन दारांची, छत कापून खाली उतरवलेलं, आत आठ सिलिंडरचं बऱ्याच नंतरचं इंजिन. याला हॉट रॉड म्हणतात. मेकॅनिक हनीफ, रत्नागिरीकडचा, माझ्याशी मराठीत बोलतो. इंजिन बसलंय, वायरिंग अर्धं. डॅशबोर्ड म्हणजे नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा, एकही भोक नाही.

अ. खा. हिंदीत म्हणाला, "मुहंदिस, बाकी सब हनीफ करेगा. सामने के मीटर तू पसंद कर." मी मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, नाही, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. हेही सतरा वर्षं सांगतोय.

बघतो म्हटलं. घरी बसून तरी काय करणार.

रवि. २५ मार्च

इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

सु.च्या आईला बीपी होतं, म्हणून ८७ साली सूकमधून, बाजारातून, डायलचं बीपी यंत्र आणलं. स्टेथोस्कोप लावायला शिकलो. दर गुरुवारी संध्याकाळी सु.चं मोजायचो. ८८ मध्ये यंत्र टेबलावरून पडलं. काटा शून्याच्या वर थांबायला लागला. मी काच काढली, काटा उपसला, शून्यावर बसवला. पाच मिनिटांचं काम. पुढे दोन वर्षं त्यावर १३०-८४, १२८-८२ असे आकडे. वही आहे.

९ फेब्रुवारीला हॉस्पिटलमध्ये सु.चं २२०-१३०. डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून बीपी होतं का? मी म्हटलं, नाही, दर आठवड्याला मोजतो.

शून्यावर बसवलेला काटा वर बरोबर दाखवतोच असं नाही. कंपनीच्या शॉपमध्ये कुठलंही गेज आलं की आम्ही पाच आकड्यांवर तपासतो, चढताना आणि उतरताना. हे पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवतात. घरचं मी फक्त शून्यावर तपासलं.

शॉपमध्ये दाब तपासायची पाऱ्याची नळी आहे. जोडली की कळेल. यंत्र कपाटात, दुसऱ्या खणात.

शुक्र. ३० मार्च

रमजान सुरू. शेडमध्ये अ. खा. खुर्चीत पेंगत होता. मांडीवर अमेरिकेहून मागवलेला कॅटलॉग. त्याला क्रोमची कड असलेला नवाकोरा सेट हवा, आकडे हिरवे चमकणारे. मी म्हटलं, ३४ च्या गाडीत हे म्हाताऱ्या तोंडात नवी कवळी बसवल्यासारखं दिसेल. त्यानं जीभ वरच्या दातांवरून फिरवली. त्याला कवळी आहे हे मला माहीत नव्हतं. हनीफ गाडीखाली जाऊन हसला.

सहा गेज लागतील: वेग, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, पेट्रोल, बॅटरी. पत्रा एकदा कापला की भोक हलवता येत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्यावर.

मंगळ. १० एप्रिल

पुठ्ठ्याच्या चकत्या कापायला केतकीच्या शाळेच्या कंपासपेटीतला कंपास घेतला. तीही येऊन बसली. यंदा बारावीत जाईल. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आधी मधे सु. दुभाष्यासारखी असायची.

चकत्या तिनंच मांडल्या. मोठ्या दोन मधे नकोत, म्हणाली, स्टिअरिंगच्या मागे हव्यात, नाहीतर बघायला मान वळवावी लागेल. बरोबर होतं. मला सुचायला हवं होतं.

मग चकत्या गोळा करताना म्हणाली, "बाबा, आईचं बीपी नॉर्मल यायचं ना घरी?"

हो म्हटलं.

ती चकत्या ठेवून आत निघून गेली.

शुक्र. ४ मे

अ. खा. सोबत स्क्रॅपयार्ड. ऊन फार. जुन्या ट्रक आणि बोटींची गेज पोत्यात भरून विकतात. दोन तास निवडत होतो. पांढरट डायल, काळे आकडे, बारीक काटा, अशी चार मिळाली. एकाच कंपनीची नाहीत, पण शेजारी ठेवली तर भावंडं वाटतात. क्रोमचा कॅटलॉग निकालात. अ. खा. रुसला, नंतर एक गेज शर्टाला पुसून स्वतःच कानाशी धरून बसला. "घड़ी नहीं है," मी म्हटलं. "मालूम है," म्हणाला, पण धरूनच होता.

तेलाच्या दाबावरून वाद झाला. मी म्हणतो इंजिनापासून तांब्याची बारीक नळी थेट डायलपर्यंत आणायची, मधे वीज नको. तेल स्वतः काट्याला ढकलतं, फसवणूक कमी. हनीफ म्हणतो लाल दिवा पुरे. "नळी फुटली तर गरम तेल शेखच्या पांढऱ्या दिशदाशावर. मंग धुणार कोण, तुमी?" अ. खा.ला मराठीत काय चाललंय ते कळलं नाही, दिशदाशा, म्हणजे त्याचा अंगरखा, एवढंच कळलं. भाषांतर केल्यावर म्हणाला, नळी लाव, काळा दिशदाशा घालीन.

बुध. १६ मे

चार गेज शॉपमध्ये नेली, जेवणाच्या सुट्टीत तपासली. तक्त्यात दोन रकाने असतात: जसं मिळालं तसं, आणि दुरुस्तीनंतर. पहिला रकाना आधी भरायचा, हात लावण्यापूर्वी. नंतर तो कधीच भरता येत नाही. दोन उत्तम, एक ठीक, पाण्याचं तापमान आठ अंश खाली दाखवतं. ते बाद.

बीपीचं यंत्रही पिशवीत होतं. डब्याखाली. पाऱ्याची नळी मोकळी होती. शॉपमध्ये कुणी नव्हतं.

परत आणलं.

शुक्र. २५ मे

तापमानाचं दुसरं मिळालं, उरलेली दोनही. पुठ्ठा तयार. मी सुचवलं की डायल अशा फिरवून बसवू की सगळं ठीक असताना सगळे काटे सरळ वर, बाराच्या जागी असतील. मग आकडे वाचायलाच नको, एक काटा कलला की नजर जाते. आमच्या जुन्या कंट्रोल रूममध्ये तसं होतं.

हनीफ: आकडे वाकडे दिसतील. अ. खा.: लोग समझेंगे मुहंदिस पी के बैठा था. पण पुठ्ठ्यावर करून दाखवल्यावर दोघांनाही पटलं. अ. खा. बराच वेळ पुठ्ठ्यासमोर बसून हातानं स्टिअरिंग फिरवत होता.

शुक्र. ८ जून

आज हनीफवर ओरडलो. कुणावर ओरडल्याला किती वर्षं झाली आठवत नाही.

तेलाच्या दाबाचं गेज बसवताना त्याच्या हातून पडलं. काटा शून्याच्या वर थांबला. मी पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तर त्यानं काच काढून, काटा उपसून, शून्यावर बसवून काच परत लावलीसुद्धा. "झालं," म्हणाला, "नवं केलं."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. अक्कल काढली. माणूस मरेल म्हटलं. तो बघत राहिला. गाडीच्या तेलानं कोण मरतंय, असं त्याच्या तोंडावर होतं. अ. खा. नमाजाला गेलेला. मग मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. टेबलावरून पडलं इथपासून.

हनीफ हात पुसत ऐकत होता. पुसून झाले तरी पुसतच होता.

"ता यंत्र हाय कुठं आता?"

घरी.

"तपासलंत?"

नाही.

"चार म्हयने?" मग थोड्या वेळानं, "देवरेसाहेब, माझ्या काट्यावर ओरडायला तुमाला एक मिनिट नाय लागला."

मग चहा आणला. गेज मी खोलून परत तपासायला घेतलं. मधे बारा टक्के कमी दाखवत होतं. शून्यावर बरोबर.

शनि. ९ जून

दिवसभर बारा टक्के डोक्यात.

पण ते वेगळं गेज. वेगळं पडणं.

शुक्र. १३ जुलै

पत्रा कापला. सहा भोकं. हनीफनं कापली, मी धरला. पाचवं कापताना त्यानं श्वास रोखला तेव्हा मीही. तेलाच्या दाबाचं दुसरं गेज घातलं. पडलेलं त्यानं स्वतः हातोड्यानं चेपून टाकलं, कुणी चुकून वापरू नये म्हणून. मला न विचारता.

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. सगळे आत वाकून बघत होतो. काटे एकेक करून वर आले. तापमानाचा शेवटी, सावकाश. गाडी उभी, म्हणून वेगाचा सोडून सगळे बारावर. अ. खा.नं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायला विसरला.

घरी येऊन केतकीला सांगितलं. "नाइस," म्हणाली. मग, "मला दाखवा कधी."

बुध. १ ऑगस्ट

ठरवलं. शनिवारी. शॉपमध्ये पाऱ्याची नळी साफ करून घेतली आहे. हनीफलाही सांगितलं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. जो आकडा येईल तो केतकीला सांगणार.

शनि. ४ ऑगस्ट

गुरुवारी पहाटे इराकी सैन्य आलं. आमच्या बनेद अल-गार वस्तीच्या समुद्राकडच्या रस्त्यावर रणगाडे. खिडक्यांपासून लांब बसलो आहोत. फोन कधी लागतो, कधी नाही. कंपनीची बस नाही. पाव एका माणसाला एक पुडा.

यंत्र कपाटात.

सोम. २० ऑगस्ट

अ. खा. आला, मिशी काढलेली, जुन्या कपड्यांत. ओळखायला क्षण लागला. सैनिक गाड्या नेताहेत, शोरूमच्या शोरूम रिकाम्या. राईची शेड अजून फोडलेली नाही, पण फोडतील. त्यानं आणि हनीफनं मिळून डॅशबोर्डचा पत्रा सहा गेजसकट सोडवून आणला, घोंगडीत गुंडाळून. म्हणाला, गाड़ी ले जाएँगे. ये तेरे पास रख. मी विचारलं, इंजिन का नाही सोडवलं, ते महाग. म्हणाला, इंजिन बाजार में मिलता है.

पत्रा पलंगाखाली ठेवला. हनीफ आज जॉर्डनकडे निघाला, गाववाल्यांसोबत.

शुक्र. १४ सप्टें.

उद्या बस. बसरा, बगदाद, मग जॉर्डनची हद्द. माणशी एक बॅग. केतकीनं आईच्या दोन साड्या, सर्टिफिकेटं, फोटो घेतले. मी कागद, कपडे, थोडे दिनार. आणि बीपीचं यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून.

तिनं बघितलं. "हे कशाला?"

असू दे म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तिच्या बॅगेची चेन लावली.

शनि. २२ सप्टें.

हद्दीवरचा तंबू. चौथा दिवस. दुपारी बसच्या टपावरून बॅगा खाली फेकल्या. आमचीही. मी पोचेपर्यंत ती जमिनीवर होती. यंत्राची काच फुटली नाही. काटा शून्यावरच आहे. याचा अर्थ काही नाही. उन्हात तीन दिवस, मग हे.

म्हणजे जसं मिळालं तसं, तो रकाना आता गेला. आता कुठंही तपासलं तरी कळेल ते आजचं. मार्चमध्ये तपासलं असतं तर कळलं असतं. मेमध्येही.

केतकी पाण्याच्या रांगेत आहे.

नाशिक, रवि. २० जाने. १९९१

मेव्हण्याकडे. रेडिओवर युद्ध. शेजारचे विचारतात, तिकडं तुमचं किती गेलं? आकडा हवा असतो. मी सांगतो, फारसं नाही.

केतकीला कॉलेजमध्ये आर्ट्सला प्रवेश मिळाला, बारावीचं वर्ष इथंच. मराठी सुधारतंय. परवा मामीला म्हणाली, "बाबांना काही सांगायचं असतं तेव्हा ते वस्तू दुरुस्त करतात." मी पलीकडच्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसलो होतो.

सांगितलं नाही अजून.

कुवेत, शुक्र. ९ ऑगस्ट ९१

कंपनीनं परत बोलावलं. एकटा आलो. यंत्र पुन्हा बॅगेत. दुपारी बारालासुद्धा दिवे लावावे लागतात, तेलाच्या विहिरी जळताहेत. शर्टाची कॉलर दोन तासांत काळी.

फ्लॅट फोडलेला. टीव्ही, फ्रिज, पडदे, नळसुद्धा. पलंग गेला. पण घोंगडी काढून घेऊन पत्रा भिंतीला टेकवून ठेवलेला. सहाही गेज जागेवर. कुणाला काय उपयोग.

अ. खा.ला निरोप पाठवला. आला. बारीक झालाय. गाडी गेली, शेडच गेली. पत्र्यासमोर उकिडवा बसला आणि एकेका काचेवरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, लोग गाड़ी के लिए मीटर ढूँढ़ते हैं. हम मीटर के लिए गाड़ी ढूँढ़ेंगे. मी हसलो. बऱ्याच महिन्यांनी. तो हसला नाही, तो खरंच शोधणार आहे. एखादा ट्रकही चालेल म्हणाला, ३४ चीच पाहिजे असं नाही. हनीफला कळवायला सांगितलं. हनीफ गावी आहे, बोटीचं इंजिन दुरुस्त करतो.

शुक्र. २० सप्टें.

आज केतकीला पत्र लिहिलं. चार पानं. टेबल, काच, काटा, दर गुरुवार, १३०-८४, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर. डब्याखालून परत आणलं ते. तपासायला पाच महिने होते ते. तंबूतला दिवस. वाचून बघितलं तर रिपोर्टसारखं झालंय. दुसरं येत नाही. तसंच टाकलं.

शुक्र. ११ ऑक्टो.

उत्तर आलं. मराठीत. अक्षर आईसारखं होत चाललंय.

तिनं लिहिलंय: सु. शिकवायची त्या शाळेत ८९ च्या दिवाळीनंतर नर्सनं सगळ्या शिक्षकांचं बीपी बघितलं होतं. आईचं १७६ निघालं. डॉक्टरांकडे जा म्हणाली. केतकी त्याच शाळेत, तिला कळलं. आई तिला म्हणाली, नर्स जिन्यावरून धावत आलेल्यांचं मोजते, गुरुवारी बाबा बघतील ना. गुरुवारी मी बघितलं. १३०. आई केतकीला म्हणाली, "बघितलंस? तुझ्या बाबांचं कधी चुकत नाही. आणि त्यांना नर्सचं सांगू नकोस हं, मनाला लावून घेतील."

तिनं सांगितलं नाही. मी चकत्या कापत होतो तेव्हा विचारलं ते त्यासाठी. मी हो म्हटलं, मग तिनं पुढचं विचारलं नाही. "मला वाटलं माझंच चुकलं," असं लिहिलंय. "दीड वर्ष मला वाटत होतं की मी सांगितलं असतं तर."

पत्र तीनदा वाचलं.

ती सोळा वर्षांची होती तेव्हा. तिची काहीच चूक नाही. हे लगेच लिहायला बसलो आणि एका ओळीत संपलं. कागद भरेना. तेवढीच ओळ टाकली.

शुक्र. १८ ऑक्टो.

१७६ आणि १३०. जिन्यावरून धावत आली असेल तर फरक पडतो. एवढा पडतो का? नर्सचं यंत्र कुणी तपासलं होतं? हे सगळं मी आठवडाभर करतोय, कामाच्या टेबलावरसुद्धा. शॉपची पाऱ्याची नळी लुटीत फुटली, पारा फरशीच्या फटीत अजून दिसतो. नवी कधी येईल माहीत नाही.

अ. खा.ला जहरा गावात एक जुनी पिकअप दिसली आहे. चाकं नाहीत. रविवारी बघायला जायचं म्हणतो.

शुक्र. १ नोव्हें.

फोनसाठी दोन तास रांग. केतकीच आली फोनवर. दिवाळीचा फराळ चालू आहे, मामी चकल्या करते आहे, वगैरे. मग नुसते मिनिटाचे पैसे जाताहेत.

मी म्हटलं, डिसेंबरात रजा मिळते आहे. यंत्र घेऊन येतो. मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाऱ्याचं आहे, मधे एक नळी जोडली की दोन्ही एकदम बघता येतात. पण सांगून ठेवतो, जे दिसेल ते आजचं असेल. तेव्हाचं नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

"माहीत आहे बाबा."

मग कशाला, असं मी विचारलं. की न विचारता तसं वाटलं, आता आठवत नाही.

ती म्हणाली, "हवा मी भरते. तुम्ही आकडे लिहा. पाचही."